पाटीवरील ६१७४

आपला नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं निर्माण झाला. या आकड्याचे अंक उतरत्या क्रमानें ९९८१ व चढत्या क्रमानें १८९९ असे मांडा; वजाबाकी ८०८२. हीच कृति पुन्हा केल्यास ८५३२, नंतर ६१७४. आणि पुढें सदैव ६१७४च! चारहि अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. शून्यासहि अंक मानून चालल्यास फार तर सात वजाबाक्यांत हेंच उत्तर मिळतें.

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनीं १९४९ सालीं हें दाखविलें. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येस त्यांनीं ‘हर्षद’ नांव दिलें. ६१७४ हीहि हर्षदच: अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातांचा घन.

मीहि जन्मभर वजाबाकी शिकविली. परंतु उत्तर बरोबर येतांच पाटी पुसावयास सांगितली. उत्तर आल्यावरहि पाटी क्षणभर राहूं द्यावी.