पडद्याला हात कुणी लावायचा?

फोनमध्ये आठ-आठ कोअर असताना ॲप मध्येच गोठतं कसं? गंमत अशी की विंडोज, मॅक, अँड्रॉइड कुठलीही प्रणाली घ्या, पडद्यावरच्या एका खिडकीची देखभाल साधारणपणे एकाच थ्रेडकडे, म्हणजे ॲपमधल्या कामाच्या एकाच धाग्याकडे असते. दुसऱ्या थ्रेडने परस्पर बटणावरचा मजकूर बदलला, तर अँड्रॉइड बहुधा ॲपच बंद पाडतं. हा आळशीपणा वाटेल. प्रत्येक बटणाला कुलूप लावून सर्वांना मुभा द्यावी, असंही सुचेल. जावा भाषेच्या एडब्ल्यूटी या खिडक्या-बटणांच्या पहिल्या संचाने तोच प्रयत्न केला. तो का फसला, हे सन कंपनीच्या ग्रॅहम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये फार सुरेख मांडलं. माऊसची टिचकी ऑपरेटिंग सिस्टिमकडून वर ॲपकडे येते, तर ॲपचा आदेश वरून खाली जातो. पेठेतल्या अरुंद बोळात दोन टोकांनी दोन रिक्षा शिराव्यात, तशी दोघं एकमेकांच्या हातातल्या कुलपासाठी थांबून राहतात. बोळात निदान कुणीतरी चिडून मागे येतो. थ्रेडला चिडता येत नाही. कुलपं वाढवून ही कोंडी, म्हणजे डेडलॉक, सुटत नाही, कारण दोघांच्या दिशाच उलट्या आहेत. जावाच्या पुढच्या स्विंग संचाने म्हणूनच एका थ्रेडचा नियम पत्करला.

मग बाकीचे कोअर वायाच जायचे का? मुळीच नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या सगळ्यांची स्थिती दाखवणारा पडदा लिहायचा म्हटलं, तर माहिती खुशाल तीस थ्रेडनी आणावी, आकडेमोडही तिथेच उरकावी. पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडच्या रांगेत फक्त निकालाची चिठ्ठी टाकावी. विंडोजचं पोस्टमेसेज, स्विंगचं इन्व्होकलेटर, क्यूटीचे रांगेतले सिग्नल ही या चिठ्ठीचीच नावं. आता अँड्रॉइडने २०१४ पासून चित्र रंगवण्याचं काम वेगळ्या थ्रेडला दिलंय, हा आक्षेप रास्त आहे; पण काय रंगवायचं हे अजून मुख्य थ्रेडच ठरवतो. खरी मेख रांगेतच आहे. सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्यासाठी हजारो चिठ्ठ्या आल्या, तर जुनी माहिती वाचण्यातच मुख्य थ्रेड दमतो आणि पडदा पुन्हा गोठतो. अशा वेळी प्रत्येक अँटेनाची फक्त शेवटची चिठ्ठी ठेवून आधीच्या बेलाशक फेकून द्याव्यात. अर्थात धोक्याच्या सूचना सोडून.