भोपळ्याला तारण किती?

मुलीकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या निवृत्त माणसाने काय लिहावे, हे वाचकांना आता पाठ झाले असेल. स्वच्छ रस्ते, शिस्तीची वाहतूक आणि दुपारचा एकटेपणा. मीही दोन खेपा तेच केले. मागच्या खेपेला मात्र मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात बसून बसून कंटाळता. समोरच्या कॉलेजात चित्रांचं प्रदर्शन लागलंय, जाऊन तरी या."

समोरचे कॉलेज म्हणजे क्युपर्टिनोचे डी अँझा. हे 'कम्युनिटी कॉलेज' आहे. या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही, कारण ती वस्तूच आपल्याकडे फारशी नाही. दोन वर्षांचे शिक्षण देणारे, सरकारी पैशावर चालणारे आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही दार उघडे ठेवणारे हे महाविद्यालय असते. असे पहिले कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली निघाले. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ साली कम्युनिटी कॉलेज हे नाव उचलून धरले आणि पुढे ते रूढ झाले. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजे आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटमागे ४६ डॉलर फी पडते. तिथल्या मानाने हे फुकटच म्हणायचे. इथे परिचारिका घडतात, मोटारी दुरुस्त करणारे घडतात, आणि दोन वर्षांनी मोठ्या विद्यापीठात उडी मारणारी मुलेही घडतात.

डी अँझा १९६७ साली सुरू झाले आणि चार वर्षांत तिथे युफ्रॅट नावाचे कलादालन उभे राहिले. जिथे मोटारीचे इंजिन खोलायला शिकवतात, तिथे चित्रे टांगायला स्वतंत्र जागा! बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा की, हा खर्च कोणत्या खात्यावर टाकतात?

प्रदर्शन विद्यार्थ्यांचे होते. काही चित्रे सामान्य होती, हे सांगायला हवे. पण एका व्हिएतनामी गृहस्थांनी आपल्या आईचे स्वयंपाकघर आठवणीतून रंगवले होते. चूल, काळवंडलेली भिंत आणि दारातून आत आलेला उन्हाचा एक पट्टा. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिलो. आमच्या वाड्यातल्या स्वयंपाकघरातही सकाळी असाच पट्टा यायचा.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या गायकवृंदाचा कार्यक्रम ऐकला. रंगमंचावर एका रांगेत अठरा-एकोणीस वर्षांची पोरे, आणि त्यांच्याच खांद्याला खांदा लावून पांढऱ्या केसांच्या बाया-बाप्ये. सूर एखाद्या ठिकाणी घसरला तर शेजारचा अनुभवी आवाज त्याला अलगद उचलून घ्यायचा. समोर बसलेल्यांत निम्मे नातलग असावेत. टाळ्यांत मात्र उपकार नव्हता.

मुलीच्या शेजारी एक चिनी बाई राहतात. पंचाहत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर हिशेबनीस म्हणून नोकरी केलेली. अशाच एका कॉलेजात त्या कित्येक वर्षे मातीची भांडी करायला जात होत्या. २०१३ च्या सुमारास ते बंद झाले. २००८ च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापले, वर्ग कमी झाले, आणि हजारो नव्या मुलांना हवे ते विषय मिळेनात. तेव्हा नियम झाला की चित्र, संगीत, नाट्य, व्यायाम अशा विषयांत एकाच गटातले वर्ग साधारणपणे चारपेक्षा जास्त वेळा घेता येणार नाहीत. बाईंचे चार केव्हाच होऊन गेले होते.

मी बाईंचे सांत्वन करायला गेलो, पण मनातल्या मनात नियमाची बाजू घेऊन आलो. जागा मोजक्या असतील, तर पोटासाठी इंग्रजी शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला आधी द्यायची, की अकरावा वाडगा घडवणाऱ्या आजीला? कर्जवाटपाच्या खुर्चीत बसलेला कुणीही पहिल्याच्या नावापुढे सही करील. मीही केली असती. पण त्या संध्याकाळचा तो गायकवृंद आठवला आणि पेन अडखळले. पांढऱ्या केसांची ती रांग काढून घेतली, तर पुढची पोरे कुणाच्या आधाराने गातील?

याच कॉलेजात फ्लिंट सेंटर नावाचे सुमारे २,४०० आसनांचे सभागृह होते. ते १९७१ साली उघडले. २४ जानेवारी १९८४ रोजी अ‍ॅपलने आपला मॅकिंटॉश संगणक जगाला पहिल्यांदा दाखवला तो याच रंगमंचावर, आणि २०१४ साली हातातले घड्याळही इथेच. इमारत जुनी झाली, दुरुस्तीचा खर्च मोठा होता. २०१९ साली विश्वस्तांनी ते कायमचे बंद करायचे ठरवले. जगातल्या अत्यंत श्रीमंत कंपनीच्या गावात ही गोष्ट घडली. म्हणजे प्रश्न नुसता पैसा असण्या-नसण्याचा नसतो, तो कोणत्या रकान्यात मांडला जातो याचा असतो.

रकान्यांविषयी बोलण्याचा अधिकार मला आहे, कारण एक चूक माझ्याही सहीने झालेली आहे. तरुणपणी माझी बदली मिरजेला झाली होती. सतारी-तंबोऱ्यांचे गाव. एक कारागीर कर्ज मागायला आले. पंढरपूरकडचे भोपळे हंगामात एकदम घ्यायचे होते. ते नीट वाळायला वेळ लागतो, तोवर पैसा अडकतो. मी विचारले, "तारण काय?" ते म्हणाले, "साहेब, भोपळेच की!" सगळी शाखा हसली. मीही हसलो आणि अर्ज परत केला. त्यांच्या हाती शब्दशः भोपळा दिला.

त्याच वर्षी उरुसात मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारी गाण्याची सभा रात्रभर ऐकली. तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. हमाल, डॉक्टर, फुलवाला, सगळे एकाच सतरंजीवर. गवयामागे दोन तंबोरे झंकारत होते. ते कुठल्या भोपळ्यांतून आले असतील, हा विचार त्या रात्री माझ्या मनाला शिवला नाही. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली, तेव्हा तो शिवला. पहिल्यांदा आठवला तो माझा शेरा.

आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. तिचा भर रोजगाराच्या कौशल्यांवर आहे, आणि ते योग्यच आहे. पण कौशल्य शिकून आलेल्या माणसाला संध्याकाळ असते, ती कुठे घालवायची? गॅदरिंग झाले की आपल्या तालुक्याच्या कॉलेजातले सभागृह कुलपात जाते. पडद्याला धूळ, पेटीला वाळवी. महिन्यातून दोन संध्याकाळी ते गावासाठी उघडले, भजनी मंडळातल्या आजोबांना आणि अकरावीतल्या मुलीला एका रांगेत उभे केले, तर विजेचे बिल किती येईल? मी आकडेमोड करून पाहिली आहे. शिपायाच्या जादा भत्त्यासकट ते गॅदरिंगच्या मांडवापेक्षा कमीच भरते.

निघताना त्या चिनी बाईंनी एक वाडगा हातात ठेवला. त्याचा निळा रंग एका बाजूने ओघळला आहे. "हा बिघडलेला आहे, म्हणूनच देते. चांगले सगळे वाटून झाले," त्या म्हणाल्या. आता पुण्यात आमची सौ. त्यात किल्ल्या ठेवते. घरी आलेला प्रत्येक माणूस विचारतो, केवढ्याला घेतला? पस्तीस वर्षे मीही हेच विचारत आलो. म्हणून रागावत नाही, खाली बसवतो आणि मिरजेची गोष्ट सांगतो.