फुफ्फुसांचा आवाज सॉफ्टवेअर कसं ओळखतं?

डॉक्टर स्टेथोस्कोप लावून "मोठा श्वास घ्या" म्हणतात, तेव्हा नेमकं काय ऐकतात? आणि ते सॉफ्टवेअरला जमेल का? मी ऊर्जानगरचा. बाजूलाच २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र, त्यामुळे धूळ आणि खोकला आमच्या रोजच्या बोलण्यातले विषय.

डॉक्टर काय ऐकतात?

मुख्यतः दोन आवाज. व्हीझ म्हणजे अरुंद झालेल्या श्वासनलिकेतून हवा जाताना येणारी लांब शिट्टी. दम्यात ऐकू येते. क्रॅकल म्हणजे बारीक तडतड. न्यूमोनियात ऐकू येते. कानाजवळचे केस बोटांत चोळून बघा, साधारण तसाच आवाज.

सॉफ्टवेअर काय करतं?

डिजिटल स्टेथोस्कोपचा आवाज स्पेक्ट्रोग्राम नावाच्या चित्रात बदलतात. त्यात व्हीझ आडव्या रेघेसारखी दिसते, क्रॅकल बारीक उभ्या रेघेसारखा. अशी चित्रं दाखवून मॉडेलला शिकवतात. २०१७ चा आयसीबीएचआय हा प्रसिद्ध डेटासेट फक्त १२६ लोकांचा, सुमारे साडेपाच तासांचा आहे. त्यात पंख्याची घरघर, बाळाचं रडणं. कपडा घासला तरी तडतड येते, आणि मॉडेल फसतं.

आवाज न ऐकताही ओळखता येतं?

न्यूमोनियाबाबत बऱ्याच अंशी हो. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच लोकांना बाळाचे श्वास मोजायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला: तुलनेच्या गावांपेक्षा तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी होते. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी 'ब्रेथ काउंटर' बनवला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटभराची वाळू संपायच्या आत लाल मणी आला, की धोका. ना बॅटरी, ना नेटवर्क!

घरी काय कराल?

खोकला असलेलं बाळ शांत असताना, पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. मर्यादा अशा:

- २ महिन्यांखाली: ६० किंवा जास्त
- २ ते १२ महिने: ५० किंवा जास्त
- १ ते ५ वर्षं: ४० किंवा जास्त

आकडा इतका आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर थेट दवाखाना गाठा. ॲप काहीही सांगो.