एक चूल, किती पडदे?

गेल्या आयपीएलच्या हंगामात देहूरोडच्या आमच्या घरात एक प्रश्न उभा राहिला. बाबा लष्करी डेपोतून निवृत्त झालेले. इंटरनेटवरून टीव्ही दाखवणाऱ्या एका सेवेची वर्गणी त्यांच्या नावावर आहे. आईची मालिका बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर आणि बाबांचा सामना मोबाइलवर असे दोन्ही त्याच वर्गणीवर चालते. धाकटा भाऊ चाकणच्या कारखान्यात आहे. पाळ्या सांभाळता याव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी तो तिकडेच भाड्याने राहायला गेला; त्याच्या टीव्हीवरही बाबांचाच क्रमांक घातलेला. एका संध्याकाळी बाबांच्या मोबाइलवर सूचना आली : एकाच वेळी पाहणाऱ्या उपकरणांची मर्यादा संपली आहे. मर्यादा दोनची होती. बाबा म्हणाले, "आता आपल्या तिघांत बाहेरचं कोण?"

हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण टीव्ही आल्यापासून आपल्याकडे पैसे नेमके कशाचे मोजले गेले, हे पाहिले की त्यामागे 'घर' या शब्दाचाच इतिहास दिसू लागतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणे परिसरात चित्र दिसू लागले. त्या काळी मोजले जायचे ते यंत्र. १९३३च्या कायद्यानुसार बिनतारी संदेश घेणारे यंत्र बाळगायलाच परवाना लागे आणि त्याचे शुल्क पोस्टात भरावे लागे. यंत्रासमोर किती माणसे बसली, याच्याशी सरकारला कर्तव्य नव्हते. म्हणून तर एका टीव्हीपुढे अख्खी चाळ बसू शकली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हे परवाने गेले.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि मोजणी तारेची झाली. घरात आलेल्या एका तारेला छोटा स्प्लिटर लावून दुसरा टीव्ही जोडता येई. केबलवाल्याला ते ठाऊक असे आणि तो बहुधा काणाडोळा करी. ३१ मार्च २०१३पर्यंत पुण्यासह ३८ शहरांत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हा ही सवलत संपली. प्रत्येक टीव्हीला स्वतंत्र पेटी आणि प्रत्येक पेटीला स्वतंत्र क्रमांक आला. तरीही दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२०मध्ये एकाच नावावरच्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीसाठी मूळ जोडणी शुल्काच्या ४० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असे ठरवले. म्हणजे 'एक घर' ही कल्पना दरपत्रकात शिल्लक होती.

आता मोजला जातो तो प्रवाह. फेब्रुवारी २०२५मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले, तेव्हा तीन महिन्यांचे दर असे होते : १४९ रुपयांत एक मोबाइल, २९९ रुपयांत दोन उपकरणे, ४९९ रुपयांत चार. यात केवळ लोभ आहे, असे म्हणता येणार नाही. सिंहगडावरून निघालेली लहर एका ॲन्टेनाने पकडली काय किंवा लाखांनी, प्रक्षेपणाचा खर्च तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक उपकरणाला चित्र वेगळे पाठवावे लागते. एका एचडी प्रवाहाला सेकंदाला साधारण पाच मेगाबिट लागतात. तीन पडदे लागले की पंधरा.

मोजणी होते ती अशी. कार्यक्रम सुरू करताना उपकरण सर्व्हरकडे चित्र उलगडण्याची किल्ली मागते. नंतर ठरावीक वेळाने 'मी पाहतो आहे' असा निरोप पाठवत राहते. वीज गेली किंवा टीव्ही थेट बटणावरून बंद केला, तर निघताना सांगायचे राहून जाते आणि निरोप थांबल्याचे सर्व्हरच्या ध्यानात येईपर्यंत ती जागा भरलेलीच दिसते. म्हणून आधी ॲपमधून बाहेर पडावे आणि मग टीव्ही बंद करावा. जुन्या मोबाइलवर खाते उघडे राहिले असेल, तर सेटिंगमधल्या उपकरणांच्या यादीतून ते काढावे.

थेट प्रक्षेपणही पूर्ण 'थेट' नसते. चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येते आणि दोन-तीन तुकडे साठल्यावरच दिसू लागते. प्रत्येक उपकरणाचा साठा वेगळा. त्यामुळे शेजारी केबलवर गडी बाद झाल्याचा ओरडा होतो, मग आमच्या टीव्हीवर तो बाद होतो आणि चाकणला त्यानंतर. एकाच वर्गणीतल्या घराचा क्षणही एक राहत नाही.

मग घर म्हणजे काय? आपल्या जनगणनेच्या व्याख्येत त्याची खूण चूल आहे : सामान्यतः एकत्र राहणारी, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे, कामाच्या निकडीने कुणाचे जेवण चुकले, तर ते चालते. नेटफ्लिक्सने जुलै २०२३मध्ये भारतातल्या ग्राहकांना कळवले, की खाते एका घरापुरते आहे; तिथे घर म्हणजे एका ठिकाणी राहणारे लोक, आणि खूण म्हणजे घरातले इंटरनेट. दोन्ही मोजमापांनी भाऊ चाकणचाच ठरतो. तो दर रविवारी आमच्याकडे जेवतो, ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कोण केव्हा पाहते, हे कळावे म्हणून मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली. त्या सूचनेनंतर भांडण झाले नव्हते, तंटा आपोआप मिटला होता. कसा, ते वहीत दिसले. भावाची पहिली पाळी असली, की संध्याकाळी सामना सुरू होण्याच्या वेळेला आईचा टीव्ही बंद होत होता. विचारल्यावर म्हणाली, "माझी मालिका उद्या दुपारीही दिसते. त्याला तेवढाच विरंगुळा." सर्व्हरला चालू पडदे मोजता येतात, कुणासाठी बंद केलेला पडदा मोजता येत नाही.

मी चार उपकरणांची वर्गणी घेऊ म्हटले. भावाने आधीच स्वतःची वेगळी घेतली होती. सोयीचे तेच होते. आई मात्र दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "म्हणजे रेशनकार्ड वेगळं झालं म्हणायचं."

बाबांच्या मोबाइलवरच्या यादीत चाकणचा टीव्ही अजून आहे. तो कसा काढायचा, हे मी त्यांना दाखवले. त्यांनी नीट समजून घेतले आणि मोबाइल खिशात ठेवला.