पाव मायक्रॉनचा हिशोब आणि दुर्गचा ग्राहक आयोग

27 नोव्हेंबर 1981. अमेरिकेत ‘थँक्सगिव्हिंग’चा सण आदल्याच दिवशी आटोपला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन घरच्या मेजवानीतला उरलासुरला टर्की पक्षी घेऊन आले. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर ते एक्सायमर लेझर प्लास्टिकवर आजमावत होते. प्राण्यांच्या पेशींवर हाच लेझर काय करील, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी टर्कीच्या तुकड्यावर लेझर सोडला. काप पडला, पण कडेला जळल्याची खूण नाही, करपल्याचा डाग नाही. तेवढाच भाग नाहीसा झाला आणि शेजारच्या पेशींना धक्काही लागला नाही.

आज पुण्यात, नागपुरात किंवा रायपुरात कुणी ‘लेझर करून नंबर घालवला’ म्हणतं, तेव्हा त्याच्या मुळाशी हा टर्कीचा तुकडा असतो.

यात जादू कुठली, ते पाहण्यासारखं आहे. हा प्रकाश 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंबुपार. त्याच्या एकेका कणात सुमारे 6.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. प्रथिनांमधले कार्बनचे बंध तोडायला त्याच्या साधारण निम्मी पुरते. त्यामुळे हा प्रकाश पेशींना तापवत बसत नाही, थेट रेणूंचे सांधेच निखळवतो. एका स्पंदनाला लागतात काही नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात उडतो साधारण पाव मायक्रॉनचा थर. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि हा त्याचाही चौथा हिस्सा! 1983 साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने हा लेझर डोळ्याच्या कामाचा आहे हे ओळखलं, आणि चष्म्याच्या नंबराचं गणित बुबुळावर कोरता येईल असा मार्ग खुला झाला.

कोरायचं असतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर. तिची जाडी मध्यभागी साधारण 540 ते 550 मायक्रॉन, अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. या काचेचा उंचवटा किंचित सपाट केला की लांबचं अंधूक दिसणाऱ्याला स्पष्ट दिसू लागतं. किती सपाट करायचं, याचं एक सुटसुटीत सूत्र चार्ल्स मनर्लिन या अभियंत्याने मांडलं. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग घेतला, तर एक नंबर उतरवायला साधारण 12 मायक्रॉन खरवडावे लागतात.

आता एक वजाबाकी करू. एका मुलीच्या कॉर्नियाची जाडी 545 मायक्रॉन आणि नंबर उणे चार. लेसिक या लेझर शस्त्रक्रियेत आधी कॉर्नियाचा एक पातळ पापुद्रा उचलतात, तो 110 मायक्रॉनचा धरू. चार नंबरांचे 48. एकूण 158 गेले, खाली उरले 387. मजेत. दुसऱ्या मुलाची जाडी 485 आणि नंबर उणे आठ. पापुद्र्याचे 110, नंबराचे 96. गेले 206, उरले 279. खाली किमान 250 मायक्रॉन राखावेत असा जुना दंडक आहे, आणि आज अनेक सर्जन 300 च्या खाली उतरत नाहीत. शिवाय एकूण जाडीच्या 40 टक्क्यांहून जास्त भागाला हात लागला तर धोका वाढतो, असा आणखी एक हिशोब आहे. या मुलाच्या बाबतीत तो आकडा 42 टक्क्यांवर जातो. लेझर दोघांसाठी तोच, सर्जनचा हातही तितकाच सराईत. तरीही पहिलीला ‘हो’ म्हणणं योग्य आणि दुसऱ्याला ‘तुम्ही चष्माच वापरा’ किंवा ‘दुसरा उपाय पाहू’ म्हणणं शहाणपणाचं.

जाडी पुरेशी असली तरी काम संपत नाही. काहींच्या कॉर्नियात जन्मजात कमजोरी असते. ती काच आतून हळूहळू शंकूसारखी पुढे येण्याच्या बेतात असते, पण चष्म्याच्या तपासणीत हे कळत नाही. ते दिसतं टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या चढउताराच्या रंगीत नकाशात. असा डोळा लेझरने पातळ केला की आधीच अशक्त काच पुढे फुगत जाते, आणि नजर चष्म्यानेही नीट होत नाही. याला एक्टेझिया म्हणतात. लेसिकनंतरच्या एक्टेझियाची पहिली नोंद जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओ झायलर यांनी 1998 मध्ये केली. माणसाच्या डोळ्यावर एक्सायमर लेझर चालवणाऱ्या पहिल्या मंडळींतले तेच एक.

छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातल्या नंदिनी नगरच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागू नये. भिलाई पोलाद कारखान्याच्या भट्ट्यांना लागणारा चुनखडीचा दगड याच गावच्या खाणीतून निघत आला. सुरुंग किती जोरात उडाला याच्या आधी, तो कुठे लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही हे खाणीत ठरतं. लेझरचंही तसंच. ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, तो बहुतेक वेळा लेझर चालू असतानाच्या काही सेकंदांत सापडत नाही. तो सापडतो त्याआधीच्या नकाशात, मोजणीत आणि ‘हो’ म्हणण्यात.

कायद्याने ही गोष्ट लेझरच्या कितीतरी आधी ओळखली होती, आणि तीही एका मराठी खटल्यात. मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला मोटारीने पुण्याला आणलं. हाड बसवताना नीट भूल न देता जोर लावून पाय ओढला गेला, आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. वडील न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत चाललं आणि मे 1968 मध्ये निकाल वडिलांच्या बाजूने लागला. भरपाई होती 3000 रुपये. पण ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या निकालातली तीन कर्तव्यं आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतात: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणं.

ही तीन कर्तव्यं लेझरच्या टेबलाशेजारी ठेवून पाहा. टोपोग्राफी केलीच नाही, किंवा केली पण त्यातला संशयास्पद फुगवटा नजरेआड केला, तर पहिलं कर्तव्य मोडलं. पातळ कॉर्नियावर पापुद्रा उचलायची पद्धत निवडली, तर दुसरं. यंत्रात नंबराचा कोन चुकीचा भरला, डाव्या डोळ्याचे आकडे उजव्याला लावले, उपकरणं निर्जंतुक नव्हती किंवा शस्त्रक्रियेनंतर दुखतं म्हणून आलेल्या रुग्णाला तसंच परत पाठवलं, तर तिसरं. 2008 च्या समीरा कोहली निकालाने यात संमतीची भर घातली. उपचार काय, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते हे कळल्यावर दिलेली संमतीच खरी. लेझरच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार ठरतो, कारण इथे पर्याय म्हणून चष्मा तर कायम हजरच असतो.

मात्र दुसरी बाजूही सरळ सांगायला हवी. लेझरनंतर डोळे कोरडे पडणं, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसणं, थोडा नंबर शिल्लक राहणं हे ज्ञात दुष्परिणाम आहेत. दुष्परिणाम झाला म्हणजे हलगर्जीपणा झाला असं होत नाही. 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलं. त्याच पेशातला सर्वसाधारण कुशल डॉक्टर जसा वागला असता तसा हा वागला का, एवढीच कसोटी. सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. 2010 च्या किशन राव निकालाप्रमाणे प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा दाखला लागतोच असं नाही. पण कॉर्नियाचे नकाशे वाचायचे तर दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं लेखी मत हाताशी असलेलं बरं.

मग जायचं कुठे? 13 नोव्हेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात ठरवलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते. याच निकालात नंदिनी नगर, भिलाईसारख्या कारखान्याच्या वसाहतींसाठी एक मोलाची ओळ आहे. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कामगाराचा आणि त्याच्या कुटुंबाचा उपचारखर्च उचलत असेल, तर ती सेवा फुकट धरली जात नाही. म्हणजे पावती तुमच्या नावाची नसली, तरी तुम्ही ग्राहक आहात.

फुकट सेवेचं काय, हा या भागातला जुना आणि दुखरा प्रश्न. सप्टेंबर 2011 मध्ये बालोदच्या सरकारी शिबिरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि चाळीसहून अधिक जणांची दृष्टी गेली. बालोद तेव्हा दुर्ग जिल्ह्यातच होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये दंतेवाड्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांनंतर पुन्हा जंतुसंसर्ग झाला आणि रुग्णांना रायपूरला हलवावं लागलं. जिथे सगळ्यांनाच सगळं मोफत मिळतं, तिथे ग्राहक कायदा लागू होत नाही. तेव्हा वाट असते रिट याचिकेची किंवा दिवाणी दाव्याची. उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथल्या 1986 च्या नेत्रशिबिरात 84 जणांचे डोळे गेले. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीच्या 5000 रुपयांवर प्रत्येकी 12,500 रुपये आणखी देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. पण एखादं रुग्णालय काहींकडून पैसे घेत असेल आणि काहींवर मोफत उपचार करत असेल, तर मोफतवाल्यालाही ग्राहकाचाच हक्क मिळतो.

लेझर बहुतेकदा खासगी आणि पैसे मोजून केलेलं असतं, म्हणून इथे ग्राहक आयोगाचाच रस्ता सोयीचा. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो आणखी सोपा केला. शस्त्रक्रिया रायपूर, नागपूर किंवा हैदराबादला झाली असली, तरी तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात, म्हणजे दुर्गच्या जिल्हा आयोगात करता येते. कोणत्या पायरीवर जायचं हे भरपाईच्या मागणीवर ठरत नाही, सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीचं शुल्क शून्य. वकील लावण्याची सक्ती नाही.

सक्ती आहे ती मुदतीची: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. गोव्यातल्या एका परिचारिकेची 1993 मध्ये मुंबईत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, आणि पोटात राहिलेलं गॉज 2002 मध्ये निघालं. इतकी उघड चूक! तरीही सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत असताना, आणि स्वतः परिचारिका असताना, तपास का केला नाहीस, हा न्यायालयाचा सवाल होता. एक्टेझिया तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी उमगतो. नजर खालावू लागली की त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन तारखेसह निदान लिहून घ्यावं.

भरपाई किती मिळते? देशातला सगळ्यात बोलका आकडा मारलेल्या लेझरचा नाही, न मारलेल्या लेझरचा आहे. 1996 मध्ये चेन्नईच्या एगमोर इथल्या सरकारी रुग्णालयात दिवस भरण्याआधीच एक मुलगी जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात, आणि वेळेवर तपासणी झाली तर लेझरने किंवा गोठवण्याच्या उपचाराने त्या रोखता येतात. ती तपासणी कुणी सुचवलीच नाही आणि मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 5 लाख दिले होते. 1 जुलै 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या आयुष्याचा खर्च आणि वाढती महागाई हिशोबात धरून 1 कोटी 38 लाख, आणि झालेल्या खर्चापोटी आणखी 42 लाखांहून जास्त रुपये मंजूर केले. नुकसानीआधीच्या स्थितीच्या जितकं जवळ पैशाने नेता येईल तितकं नेणं, हे भरपाईचं तत्त्व. म्हणून तक्रारीत फक्त मनस्ताप लिहून भागत नाही. विशेष कॉन्टॅक्ट लेन्सची किंमत, पुढे लागू शकणारं कॉर्नियाचं रोपण, बुडालेले पगार, क्रेन चालवणाऱ्याची नजर गेल्याने हातची गेलेली नोकरी, सगळं आकड्यांत मांडावं लागतं.

या सगळ्याचा आधार एकच: कागद. लेझरच्या यंत्राला आकडे दिल्याशिवाय ते चालत नाही. जाडी, नकाशा, नंबर, कोन, काढलेले मायक्रॉन, सगळ्याची नोंद होते. पोटाच्या शस्त्रक्रियेत नेमकं काय झालं यावर वर्षानुवर्षं वाद रंगतो; इथे निम्मा पुरावा यंत्रच लिहून ठेवतं. म्हणून लेझर करायला जाणाऱ्याला एवढंच सांगणं: होकार देण्याआधी टोपोग्राफीची आणि जाडीची प्रत मागा, शेवटी किती मायक्रॉन उरतील हे विचारा, आणि शस्त्रक्रिया झाली की त्याच दिवशी यंत्राचा अहवाल, संमतिपत्र आणि पावती यांच्या प्रती घेऊन घरी या. सगळं नीट झालं तर त्या कपाटात पडून राहतील. नाही झालं, तर दुर्गच्या आयोगासमोर तुमच्या बाजूने आधी त्याच बोलतील.