संत जोसेफ वाझ : श्रीलंका बेटावरील एका मिशनरीची दिनचर्या

दरवर्षी १६ जानेवारी रोजी संत जोसेफ वाझ यांचा सण येतो. आपल्या बीड जिल्ह्यात हे दिवस ऊसतोडीचे असतात. दसरा-दिवाळीनंतर बालाघाटच्या डोंगरातील गावे रिकामी होऊ लागतात. घरी म्हातारी माणसे व काही लेकरे उरतात आणि कोयता घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधून राहतात. रविवारच्या मिस्सेला बाके रिकामी दिसली की आम्हां धर्मगुरूंच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. जी ख्रिस्ती कुटुंबे वर्षातील पाच-सहा महिने आपल्या चर्चपासून दूर असतात, त्यांची श्रद्धा कोण सांभाळतो?

सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका संपूर्ण बेटापुढे उभा होता. त्याचे उत्तर गोव्याच्या एका धर्मगुरूने आपल्या रोजच्या जगण्यातून दिले. म्हणून त्यांच्या चमत्कारांपेक्षा त्यांच्या दिनचर्येकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतात सेवाकार्य केले. १६८५ साली ते जुन्या गोव्यातील ओरेटरी या संघात सामील झाले. त्या काळी युरोपीय धर्मसंघांची दारे गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंना बंद होती. ओरेटरी हा तेथील स्थानिक धर्मगुरूंनी उभारलेला संघ होता. पुढे श्रीलंकेचे मिशनकार्य याच संघाने चालविले.

श्रीलंकेत त्या वेळी काय परिस्थिती होती? डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना पोर्तुगिजांकडून जिंकून घेतले होते. डच हे प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हद्दपार केले, चर्चेस ताब्यात घेतली आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्यांसाठी कठोर शिक्षा जाहीर केल्या. तीसएक वर्षे तेथील ख्रिस्तजन मिस्सेविना, पापनिवेदनाविना जगत होते. कित्येक मुले धर्मगुरूचे दर्शनही न घडता मोठी झाली होती.

१६८७ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जोसेफ वाझ या बेटावर उतरले. अंगावर झग्याऐवजी मजुराचा फाटका वेष होता. युरोपीय धर्मगुरूला हे शक्य नव्हते. त्याचा वर्णच त्याला उघडा पाडता. गोव्याचा हा सावळा माणूस मात्र गर्दीत सहज मिसळून गेला. प्रवासातील हालांमुळे त्यांना अतिसाराने गाठले आणि ते मरणाच्या दारी पोचले. त्यांच्यासोबत गोव्याहून आलेला जुवांव नावाचा तरुण सेवक तेवढा होता. बरे झाल्यावर कोण कॅथलिक आहे हे कसे ओळखावे, हा पहिलाच पेच पडला. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळेकडे पाहून ज्याच्या डोळ्यांत ओळख दिसे, ते घर आपले, एवढीच त्यांची खूण होती.

पुढे जाफन्याजवळचे सिल्लालै हे गाव त्यांच्या कार्याचे केंद्र बनले. तेथील दिवस आपल्या दिवसाच्या उलटा चाले. दिवसा लपून राहायचे, प्रार्थना करायची, तमिळ भाषेचा अभ्यास करायचा. अंधार पडला की एखाद्या घरी जमलेल्या लोकांची पापनिवेदने ऐकायची, मुलांना स्नानसंस्कार द्यायचा, विवाह लावायचे, मिस्सा अर्पण करायची आणि उजाडण्यापूर्वी दुसऱ्या गावाची वाट धरायची. एकदा नाताळच्या रात्री सैनिकांनी छापा घातला. अनेक ख्रिस्तजन पकडले गेले; फादर वाझ मात्र निसटले. आपल्यामुळे लोक संकटात पडतात याचे त्यांना किती दुःख झाले असेल, याची कल्पना करता येते.

त्यानंतर ते बेटाच्या पश्चिमेकडील पुत्तलम येथे व तेथून कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. जाफन्याचा प्रदेश कोरडा, ताडांचा. कँडी मात्र डोंगराळ, दाट रानाची आणि भरपूर पावसाची. पायवाटांवर जळवा, रानात हत्ती आणि राज्याच्या सीमेवर पहारेकऱ्यांची नाकी. तेथील राजांनी शत्रूचे सैन्य आत शिरू नये म्हणून मोठे रस्ते होऊच दिले नव्हते. अशा वाटांनी फादर वाझ पायी हिंडत असत.

१६९२ साली कँडीत पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैद करण्यात आले. बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर एक झोपडी उभारून ते तेथे मिस्सा अर्पण करू लागले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. तरी या माणसाचे निरपेक्ष जीवन पाहून त्याने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजा व दरबारी शहर सोडून गेले. घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा फादर वाझ आणि नुकतेच आलेले फादर जोसेफ कार्व्हालो यांनी केली. रोगी बौद्ध की ख्रिस्ती, हे त्यांनी पाहिले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जवळजवळ नऊ वर्षे फादर वाझ त्या बेटावर एकटेच धर्मगुरू होते. एका गावी ते पुन्हा येईपर्यंत महिनेच्या महिने जात. मग मधल्या काळात काय होई? गावातील एक जबाबदार गृहस्थ 'मूप्पू' म्हणून समाजाची काळजी वाही. 'अण्णावी' म्हणजे धर्मशिक्षक लोकांना एकत्र जमवून प्रार्थना म्हणवून घेई आणि मुलांना शिकवी. फादर वाझ यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना व धर्मशिक्षण तमिळ आणि सिंहली भाषांत आणले. पुढे १७०५ साली आलेले, दिवाडी बेटावर जन्मलेले तरुण धर्मगुरू फादर जाकोम गोन्साल्विस यांनी दोन्ही भाषांत विपुल ग्रंथरचना करून हे काम वाढविले. धर्मगुरू येई आणि जाई. प्रार्थना मात्र गावात राही. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत फादर वाझ यांचे निधन झाले. डचांचा अंमल त्यानंतरही दीर्घकाळ टिकला, तरी तेथील ख्रिस्तसभा विझली नाही. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

वाचकहो, आपल्या ऊसतोड कुटुंबांवर श्रद्धेसाठी कोणी छापा घालत नाही. त्यांचे शत्रू वेगळे आहेत : मुकादमाच्या उचलीचे ओझे, पहाटेपासूनची तोड, रात्री-अपरात्री भरायची गाडी आणि अंगात उरलेला थकवा. कोपीत परतलेल्या आईला आपण लांबलचक धर्मशिक्षण सांगू शकत नाही. पण टोळी निघण्यापूर्वी त्या टोळीतील एक स्त्री वा पुरुष निवडून, तिला अथवा त्याला चार प्रार्थना आणि शुभवर्तमानाची छोटी प्रत देता येईल. कारखान्याजवळच्या धर्मगुरूंना कोणती कुटुंबे कोठे उतरली आहेत, हे कळविता येईल. आणि आम्हां धर्मगुरूंनाही वर्षातून एकदा तरी फडापर्यंत जाता येईल. लोकांनी चर्चकडे यावे, ही अपेक्षा करण्यात आम्ही पुष्कळ वर्षे घालविली आहेत.

आपल्या मिस्साकेंद्रातून यंदा कोणती टोळी कोठे गेली आहे, हे येत्या रविवारी एकमेकांना जरूर विचारावे. संत जोसेफ वाझ यांचा सण साजरा करण्याची हीच योग्य सुरुवात ठरेल.