कोंबडीची साडेसाती

बीड जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जा, दारापुढे दोन-चार कोंबड्या दाणे टिपताना दिसायच्याच. कोंबडी म्हणजे घरधनिणीचा बटवा! अडीअडचणीला अंडी विकावीत, पाहुणा आला तर रस्सा करावा. असल्या गरीब जिवाच्या मागे २०२० साली साडेसाती लागली.

शिमगा तोंडावर आला होता. धुळवडीच्या रश्श्याचे बेत घरोघर व्हायचे. तोच 'कोंबडी खाल्ली की कोरोना होतो' ही आवई मोबाईलवरून गावोगाव पोचली. असा काही पुरावा नाही, हे केंद्राच्या पशुसंवर्धन आयुक्तांनी फेब्रुवारीतच सांगितले होते. पण ऐकतो कोण? दर असे कोसळले की पाखरांना घातलेल्या दाण्याचेही पैसे निघेनात. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात तर एका शेतकऱ्याने सुमारे ६ हजार पक्षी खड्ड्यात पुरले.

२५ मार्चला टाळेबंदी आली आणि स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा सुचविला, दुधात हळद घालावयास सांगितले. ज्या गुळवेलीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिचा भाव वधारला. आणि गंमत पाहा, प्रतिकारशक्तीसाठी प्रथिने हवीत, असे कळताच लोकांना अंडी आठवली! पण पक्षी आधीच कमी झालेले. त्यामुळे अंड्यांचे दर चढले. फाल्गुनात विष ठरलेली कोंबडी वर्षाऋतू सरतासरता औषध ठरली.

ग्रह मात्र अजून फिरायचे होते. जानेवारी २०२१मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा येथे सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. बीड जिल्ह्यात कावळे मेले. हा बर्ड फ्लू होता. या वेळच्या भीतीला आधार होता, हे खरे. पण नीट शिजविलेल्या मांसात तो विषाणू तगत नाही, एवढे समजून घेण्याआधीच गिऱ्हाईक पुन्हा पांगले.

कोंबडी तीच, रस्सा तोच. बदलले ते आपल्या मनातले भय. त्या भयाची किंमत खाणाऱ्याने दिली नाही, पाळणाऱ्याने दिली.

आणखी एक गोष्ट विसरू नये. काढ्याची चर्चा रंगात होती त्याच एप्रिलमध्ये बीडचे हजारो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. सरकारने परवानगी दिली तेव्हा कुठे ते गावाकडे निघाले. काय खाल्ल्याने शक्ती वाढेल, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पीठ-मीठ किती दिवस पुरेल, हा होता.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाशी बसून कोणी नवी आवई सांगू लागला, तर ती पुढे धाडण्यापूर्वी एखाद्या घरधनिणीचा बटवा आठवावा. तो रिकामा व्हायला एक अफवा पुरते.